नऊ सामने, नऊ विजय आणि न आलेलं निमंत्रण

२० ऑक्टोबर १९५१, शनिवार. अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल शनिवारी खेळलं जातं. त्या शनिवारी झालेले दोन सामने एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय मला ही गोष्ट सुरूच करता येत नाही.

पहिला सामना ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावी झाला. आयोवाहून आलेल्या ड्रेक विद्यापीठाच्या संघात जॉनी ब्राइट नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता, देशातल्या सर्वांत प्रभावी आक्रमकांपैकी एक. सामन्याच्या पहिल्या सात मिनिटांत यजमान संघातल्या एका गोऱ्या खेळाडूनं त्याला तीनदा बेशुद्ध पाडलं. चेंडू ब्राइटकडे नसताना, खेळ भलतीकडे चाललेला असताना. त्या मारात ब्राइटचा जबडा मोडला. पंचांनी काही पाहिलं नाही. 'डे मॉइन रजिस्टर' या वृत्तपत्राचे दोन छायाचित्रकार मात्र हजर होते आणि त्यांचा कॅमेरा नेमका त्याच्यावर लागलेला होता. त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या यजमान विद्यापीठानं माफी मागितली ती २००५ साली.

दुसरा सामना न्यू यॉर्कला, रँडल्स आयलंड या बेटावरच्या स्टेडियममध्ये. फोर्डहॅम विद्यापीठाविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांना या पश्चिम किनाऱ्यावरच्या लहानशा कॉलेजची फारशी खबर नव्हती. सामना अटीतटीचा झाला. सॅन फ्रान्सिस्कोनं तो ३२-२६ असा जिंकला, कारण त्यांच्याकडे ऑली मॅटसन होता. फोर्डहॅमनं लाथाडलेला चेंडू त्यानं दोनदा आपल्या टोकाशी झेलला आणि समोरून येणाऱ्या अकरा जणांना चुकवत एकदा ९४ यार्ड, एकदा ९० यार्ड धावत जाऊन थेट गोलरेषेपार नेला. मॅटसनही कृष्णवर्णीय होता. फोर्डहॅमलाही त्याला अडवायचं होतंच, पण जबडा मोडून नव्हे.

एकाच देशात, एकाच दिवशी, एकाच खेळात काय काय चालत होतं ते एवढ्यावरून कळावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या या संघाची म्हणजे 'डॉन्स'ची १९५१ची मोसम-कथा या दोन सामन्यांच्या मधल्या जागेत घडली.

खेळाविषयी चार शब्द, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं. अमेरिकी फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं, हाताचं आणि खांद्याचं जास्त. चेंडू लंबगोल. मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. आपल्या कबड्डीतही समोरच्याच्या हद्दीत घुसायचं असतं, पण चढाई करणाऱ्याला परत यावं लागतं. इथं परत यायचं नसतं. जिथं पाडलं जाल तिथून पुढचा प्रयत्न. जमीन यार्डायार्डानं कमवायची. म्हणूनच ९४ यार्ड एका दमात कापणाऱ्या माणसाला पाहून प्रेक्षक उभे राहतात.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ जेझुइट धर्मगुरूंचं. मुंबईचं सेंट झेवियर्स ज्यांनी उभारलं तोच हा संघ, तीच शिस्त. १८५५ साली स्थापन झालेली ही संस्था शहरातल्या एका टेकडीवर आहे आणि त्या काळी ती अगदी लहान होती. दिवसाच्या वर्गांत बहुतेक मुलगेच, त्यांतले पुष्कळसे इटालियन आणि आयरिश कामगारांच्या घरांतले. महायुद्ध संपल्यावर या कॉलेजांचं रूप पालटलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलू लागलं, आणि पंचविशीकडे झुकलेले, मृत्यू जवळून पाहिलेले पुरुष पहिल्या वर्षाच्या बाकांवर येऊन बसले. फुटबॉलच्या मैदानावरही तेच उतरले. त्यांना ओरडून घाबरवणं कुठल्याही प्रशिक्षकाला सोपं नव्हतं.

जिनो मार्केटी त्यांतलाच. कॅलिफोर्नियातल्या अँटिऑक गावात वाढलेला, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, युरोपात बल्जच्या लढाईत मशिनगन चालवून आलेला. प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या भेटीला तो मोटारसायकलवरून, कातडी जाकीट घालून आला, ही गोष्ट पुढे त्याच्या नावाला कायमची चिकटली. कुहारिच स्वतः नोत्र दाम विद्यापीठाचे खेळाडू, व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, १९४८पासून इथले मुख्य प्रशिक्षक. कडक माणूस. मोसमाआधीचं शिबिर त्यांनी कॉर्निंगला नेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, ऑलिव्हच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेलं, उन्हाळ्यात भाजून काढणारं हे गाव. शहरातल्या धुक्याला सरावलेल्या पोरांना तिथं त्यांनी पिळून काढलं. जे टिकले त्यांचा संघ झाला.

बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच. कच्चं मांस खायची त्याला आवड होती आणि ते तो सगळ्यांदेखत खायचा. त्याची शाळा सॅन फ्रान्सिस्कोच्या केझर स्टेडियमसमोरच होती. शाळेचे सामने त्यानं केझरवर खेळले, कॉलेजचेही केझरवर, आणि नंतर व्यावसायिक खेळाडू म्हणून फोर्टीनाइनर्सकडूनही केझरवरच. एका मैदानाला इतकं आयुष्य देणारा खेळाडू मला दुसरा माहीत नाही.

मॅटसन टेक्सासमधल्या ट्रिनिटी गावी जन्मलेला, किशोरवयात सॅन फ्रान्सिस्कोला आलेला. बर्ल टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघेही दक्षिणेतले, म्हणजे जिथं कृष्णवर्णीयांनी कुठल्या नळाचं पाणी प्यावं, बसमध्ये कुठं बसावं हे कायद्यानं ठरलेलं होतं त्या मुलखातले. दोघेही आधी शहरातल्या सिटी कॉलेजमधून खेळले. १९४८ साली तो संघ एकही सामना हरला नाही. तिथून दोघे टेकडीवरच्या विद्यापीठात आले. मॅटसन धावणारा, टोलर अडवणारा. मॅटसनकडे डोळे आपोआप वळायचे. टोलरचं काम बघायला खेळ कळावा लागे, कारण समोरच्याचा डाव जिथं मोडतो तिथं, माणसांच्या ढिगाच्या तळाशी, तो असायचा. मॅटसन तेव्हाही प्रसिद्ध होता आणि पुढेही राहिला. या गोष्टीत मला जास्त ओढून नेतो तो टोलर.

एक माणूस मैदानाबाहेर होता. पीट रोझेल, नुकताच इथून पदवी घेतलेला तरुण, विद्यापीठाचा क्रीडाप्रसिद्धी अधिकारी. बातम्या लिहायच्या, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत चकरा मारायच्या, मॅटसनचं नाव देशभर पोहोचवायचं, हे त्याचं काम. न्यू यॉर्कच्या सामन्याचं मोल त्यानं बरोबर ओळखलं होतं. हे नाव लक्षात ठेवावं.

मोसमाची सुरुवात सॅन होजे स्टेटविरुद्ध झाली, ३९-२. त्या दोन गुणांची गंमत खेळ जाणणाऱ्यांना कळेल. चेंडू घेतलेला खेळाडू स्वतःच्याच गोलरेषेमागे पकडला गेला की समोरच्याला दोन गुण मिळतात. म्हणजे सॅन होजेला स्वतःहून गोलरेषा एकदाही ओलांडता आली नाही. मग आयडाहो, मग कॅम्प पेंडलटनचा मरीन सैनिकांचा संघ, मग पुन्हा सॅन होजे. वेळापत्रकात सैनिकी छावण्यांचे संघ होते यावरून कॉलेजची ऐपत दिसते. मोठी विद्यापीठं अशा लहान कॉलेजशी खेळायला राजी नसत. जिंकलं तर नाव नाही आणि हरलं तर शोभा, मग मॅटसनसमोर उभं कोण राहणार? फोर्डहॅमनंतर सॅन डिएगोचा नौदलाचा संघ आणि सांता क्लारा हेही हरले. सात सामने, सात विजय.

आणि मग स्टॉक्टन. १७ नोव्हेंबरला कॉलेज ऑफ द पॅसिफिकविरुद्धचा सामना हाच मोसमाचा कळस होता. पॅसिफिकचा संघ त्या भागातला दादा, मैदान त्यांचं, बांधून जेमतेम वर्ष झालेलं. बाउल सामन्यांची निमंत्रणं ठरवणाऱ्यांचं लक्ष या निकालाकडे आहे, हे दोन्ही संघांना ठाऊक होतं. डॉन्सनी ४७-१४ अशी धूळ चारली. परतताना सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, मायामीचा ऑरेंज बाउल.

बाउल सामना म्हणजे काय ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. कॉलेज फुटबॉलचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो. त्यानंतर नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना बोलावून खास सामने होतात. कॅलिफोर्नियातला रोझ बाउल सर्वांत जुना. १९३०च्या दशकातल्या मंदीत दक्षिणेतल्या शहरांनी त्याची नक्कल केली. मायामीचा ऑरेंज आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर १९३५ साली सुरू झाले, डॅलसचा कॉटन १९३७ साली, आणि युद्धानंतर जॅक्सनव्हिलचा गेटर. हिवाळ्यात थंडीनं गारठलेले पाहुणे यावेत, हॉटेलं भरावीत, शहराचं नाव व्हावं हा हेतू. निमंत्रण कोणाला द्यायचं ते स्थानिक व्यापाऱ्यांच्या समित्या ठरवत. तिकिटांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा पाहुण्या कॉलेजला मिळे, आणि लहान कॉलेजचा वर्षभराचा तोटा एका दुपारी भरून निघू शके.

दक्षिणेतल्या या सामन्यांचा आणखी एक नियम होता, कुठंही न लिहिलेला. गोऱ्यांच्या संघासमोर कृष्णवर्णीय खेळाडू उतरणार नाही. उत्तरेतली कॉलेजं हा नियम निमूटपणे पाळत आली होती. बॉस्टन कॉलेज हेही जेझुइटांचंच. त्यांच्या लू मॉन्टगोमेरी या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४०च्या कॉटन बाउलमध्ये आणि १९४१च्या शुगर बाउलमध्ये मैदानात उतरू दिलं गेलं नाही. शुगर बाउल बॉस्टननं जिंकला. ज्यानं मोसमभर त्यांच्यासाठी अंग झिजवलं तो बाहेर बसून राहिला. धर्मसंस्था तीच, प्रार्थना तीच. बॉस्टनला जे पचलं ते सॅन फ्रान्सिस्कोला पचलं नाही, हा फरक म्हणूनच मला मोठा वाटतो. तो संस्थेच्या ब्रीदवाक्यानं पडला नाही, माणसांनी पाडला.

युद्धानंतर भिंतीला तडे जाऊ लागले होते. १९४६ साली पेन स्टेटच्या खेळाडूंनी आपल्या दोन कृष्णवर्णीय सोबत्यांना सोडून मायामीला खेळायला जायचं नाकारलं आणि तो सामना रद्द झाला. तेच दोघे, वॉली ट्रिपलेट आणि डेनी हॉगर्ड, १९४८च्या कॉटन बाउलमध्ये डॅलसला खेळले. शहरातलं हॉटेल संघाला एकत्र ठेवून घेईना, म्हणून सगळा संघ नौदलाच्या तळावर राहिला. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला, आणि बरोबरीचं टचडाउन ट्रिपलेटचं होतं. त्याच १९४८ साली लाफायेट कॉलेजनं टेक्सासच्या सन बाउलचं निमंत्रण परत केलं, कारण त्यांच्या डेव्हिड शॉवेलला खेळू देणार नव्हते. म्हणजे डॉन्स पहिले नव्हते. पण त्यांच्याइतकी किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली नाही.

निमंत्रण आलं नाही. जाहीरपणे कारण दिलं गेलं ते वेळापत्रकाचं, की यांनी हरवलेले संघ दुबळे होते. खरं कारण शहरात लवकरच पसरलं. सॅन फ्रान्सिस्कोतले क्रीडा-निवेदक आयरा ब्लू यांनी गेटर बाउलच्या अध्यक्षांच्या हवाल्यानं सांगितलं, की गेटर, शुगर आणि ऑरेंज या तिन्ही समित्यांना कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ नको आहे. कुहारिच यांच्यापर्यंत जो निरोप पोहोचला त्याचा अर्थ खेळाडूंना स्पष्ट कळला. मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवा, मग बघू.

पुढे काय झालं याच्या खेळाडूंच्या आठवणी तपशिलात जुळत नाहीत. पन्नास वर्षांनंतरच्या आठवणी जुळाव्यात अशी अपेक्षाही करू नये. कुठं सांगितलं, कोण आधी बोललं, कोणत्या शिव्या हासडल्या, हे ज्याचं त्याचं वेगळं. जिथं सगळ्यांचं जुळतं ते एवढंच, की मत घ्यायची वेळ आली नाही. कोणी हात वर करा म्हटलं नाही. जायचं तर सगळ्यांनी, नाही तर कोणीच नाही.

या प्रसंगावर पुस्तक निघालं, माहितीपट झाला, भाषणं झाली. त्यांतून कधीकधी एक गोडसर चित्र उभं राहतं, की गोऱ्या सोबत्यांनी दोघा काळ्या मित्रांसाठी त्याग केला. मला हे चित्र अपुरं वाटतं. सेंट क्लेअर, मार्केटी आणि बाकीच्यांपुढे निवड होती आणि त्यांनी ती चोख केली, त्यांचा मोठेपणा मी तसूभर कमी करणार नाही. पण मॅटसन आणि टोलर यांच्यापुढे निवडच नव्हती. आपल्यामुळे सगळ्यांची संधी जाते आहे हे ओझं एकविशी-तेविशीतल्या दोन मुलांच्या खांद्यावर टाकलं गेलं, आणि ते टाकणारे मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि जॅक्सनव्हिलमधले प्रतिष्ठित व्यापारी होते. त्यांच्यापैकी कोणाला कधी जाब विचारला गेला नाही. मान कोणाला द्यायचा हे जसं ठरवावं लागतं, तसं दोष कोणाचा हेही ठरवावं लागतं.

वेळापत्रकाच्या सबबीबद्दलही बोललं पाहिजे. ती साफ खोटी नव्हती, सैनिकी छावण्यांचे संघ दुबळे होतेच. त्या वर्षी अपराजित राहूनही बाउल न खेळलेला हा एकच संघ होता असंही नाही. प्रिन्स्टनही सगळे सामने जिंकून घरी बसलं, पण ते स्वतःच्या नियमानं. डॉन्सच्या बाबतीत सबब कुठं उघडी पडते पाहा. ज्या पॅसिफिकला त्यांनी ४७-१४ असं लोळवलं, त्या पॅसिफिकला सन बाउलचं बोलावणं आलं. १९५२च्या नववर्षदिनी पॅसिफिक एल पासोला टेक्सास टेकविरुद्ध खेळलं. हरलेला संघ बाउलच्या योग्यतेचा ठरला आणि त्याला हरवणारा ठरला नाही. ऑरेंज बाउलमध्ये त्या दिवशी जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले. दोन्ही दक्षिणेतली, दोन्ही गोऱ्यांची.

तरी शेवटचा सामना बाकी होता. नोव्हेंबरच्या अखेरीस डॉन्स लॉस एंजलिसच्या लोयोलाविरुद्ध खेळायला पॅसाडेनाला गेले. मैदान रोझ बाउलचं. नववर्षाला जिथं लाखभर लोक बसत त्या प्रचंड वाडग्यात हा लहान कॉलेजांचा सामना झाला. निकाल २०-२. पुन्हा ते दोनच गुण, म्हणजे मोसमाच्या पहिल्या सामन्याप्रमाणे शेवटच्यातही कोणाला त्यांची गोलरेषा ओलांडता आली नाही. नऊ सामने, नऊ विजय. मॅटसननं मोसमात १,५६६ यार्ड धाव घेतली, देशात सर्वांत जास्त, आणि २१ टचडाउन केले. असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत संघ चौदावा आला.

वर्ष संपायला दोन दिवस उरले असताना, ३० डिसेंबरला, विद्यापीठानं फुटबॉल बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या मोसमातला तोटा ७०,००० डॉलरच्या घरात होता.

बाउलचा वाटा मिळाला असता तर खेळ वाचला असता, असं सगळे सांगतात. एक-दोन वर्षं वाचला असता, एवढंच मी म्हणेन. कारण लाट मोठी होती. सेंट मेरीजनं त्याआधीच, १९५१च्या सुरुवातीला फुटबॉल बंद केलं होतं. जॉर्जटाउननं १९५०च्या मोसमानंतर. ज्यांना डॉन्सनी शेवटी हरवलं त्या लोयोलानंही त्याच सुमारास, सांता क्लारानं पुढच्या वर्षी, फोर्डहॅमनं १९५४नंतर. कॅथलिक कॉलेजांचं फुटबॉल चार-पाच वर्षांत झडून गेलं. कारणं रोकडी होती. शिष्यवृत्त्या, प्रवास आणि प्रशिक्षकांचा खर्च वाढला, आणि उत्पन्न मात्र घटलं. १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत फोर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ आला आणि तो त्याच केझरवर खेळू लागला. शनिवारी कॉलेजचा सामना बघून रविवारी पुन्हा तिकीट काढणारे किती असणार? त्यात टेलिव्हिजन घरोघर पोहोचू लागला आणि कोरियाच्या युद्धासाठी मुलांची भरतीही सुरू झाली. टेकडीवरच्या धर्मगुरूंना मी दोष देत नाही. मात्र एवढं नक्की, की वाचायची जी एक वाट होती तिच्या तोंडाशी दोन खेळाडू सोडून देण्याची अट होती, आणि विद्यापीठानं ती वाट धरली नाही. कुठल्याही पदकापेक्षा ही नोंद त्या विद्यापीठानं जपावी.

संघ विखुरला. कुहारिच शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्याच संघानं कॉलेज खेळाडूंच्या १९५२च्या निवडीत मॅटसनला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पण आधी मॅटसन हेलसिंकीला गेला. जुलै १९५२च्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरमध्ये त्यानं कांस्य जिंकलं आणि रिलेमध्ये रौप्य. त्याच हेलसिंकीत, त्याच आठवड्यात, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं. पुढे १९५९ साली लॉस एंजलिस रॅम्सनं एकट्या मॅटसनच्या बदल्यात नऊ जण देऊ केले. तो सौदा करणारा रॅम्सचा महाव्यवस्थापक होता पीट रोझेल, कॉलेजचा जुना प्रसिद्धी अधिकारी. पुढच्याच वर्षी रोझेल राष्ट्रीय फुटबॉल लीगचा आयुक्त झाला आणि १९८९पर्यंत त्या पदावर राहिला. आज अमेरिका ज्या सुपर बाउलसाठी, म्हणजे या लीगच्या अंतिम सामन्यासाठी, घरात बसून राहते तो त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाला.

मार्केटी बाल्टिमोर कोल्ट्सचा बचावपटू म्हणून दंतकथा झाला. १९५८च्या अंतिम सामन्यात पाय मोडल्यावरही तो स्ट्रेचरवरून खेळ पाहायला थांबला. सेंट क्लेअरची कॉलेजची वर्षं संपली नव्हती, म्हणून तो टल्सा विद्यापीठात गेला, मग फोर्टीनाइनर्सकडे, आणि खेळत असतानाच डेली सिटीचा महापौरही झाला. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. एका कॉलेजच्या एकाच संघातून तिघे! मोठमोठ्या विद्यापीठांनाही हे क्वचितच जमलं आहे. रोझेल धरला तर चौघे.

टोलर त्यांत नाही. तो असता, असं मला वाटतं. क्लीव्हलँड ब्राउन्सनं त्याला निवडलं होतं. १९५२च्या ऑगस्टमध्ये शिकागोला निवडक कॉलेज खेळाडूंचा एक सामना झाला आणि त्यात त्याचा गुडघा गेला. व्यावसायिक सामना एकही न खेळता कारकीर्द संपली. तेव्हा वय चोवीस.

टोलर शिक्षक झाले. इथून पुढे त्यांना 'तो' म्हणणं मला बरं दिसत नाही. बेंजामिन फ्रँकलिन माध्यमिक शाळेत ते आधी शिकवत होते, मग तिथलेच मुख्याध्यापक झाले, सॅन फ्रान्सिस्कोतले पहिले कृष्णवर्णीय माध्यमिक मुख्याध्यापक. त्या इमारतीला आता त्यांचं नाव आहे. ज्या विद्यापीठानं त्यांना सोडून जायला नकार दिला होता, त्याच्या विश्वस्त मंडळावरही त्यांनी काम केलं. आणि गुडघ्यानं जे दार बंद केलं ते त्यांनी दुसऱ्या बाजूनं उघडलं. ते पंच झाले. १९६५ साली रोझेल यांच्या लीगनं त्यांना घेतलं, आणि अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांतले ते पहिले कृष्णवर्णीय पंच ठरले. पंचवीस मोसम त्यांनी शनिवार-रविवारी विमान पकडलं, सामना केला आणि सोमवारी परत शहरात कामावर हजर झाले.

मान उशिरा आला, पण आला. २००६ साली विद्यापीठानं १९५१च्या संघाला मानद पदव्या दिल्या. केझरचं जुनं स्टेडियम १९८९ साली पाडलं गेलं. त्या जागी उभ्या असलेल्या लहान स्टेडियमच्या मैदानाला सेंट क्लेअरचं नाव आहे. आज तिथं गेलात तर शाळेतली मुलं पळताना दिसतील. टोलर २००९ साली गेले, मॅटसन २०११ साली, सेंट क्लेअर २०१५ साली, मार्केटी २०१९ साली.

आणखी एक तारीख राहिली, २० जानेवारी १९८०. चौदावा सुपर बाउल, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध लॉस एंजलिस रॅम्स. प्रेक्षक १,०३,९८५. लीगचे आयुक्त पीट रोझेल. सामन्याचं ठिकाण पॅसाडेनाचा रोझ बाउल, जिथं अठ्ठावीस वर्षांपूर्वी डॉन्स आपला अखेरचा सामना खेळले होते. दहा यार्डांची साखळी मैदानाच्या कडेनं ज्यांच्या इशाऱ्यावर पुढे सरकते त्या पंचांना तेव्हा हेड लाइन्समन म्हणत. त्या दिवशी हेड लाइन्समन होते बर्ल टोलर, वय एक्कावन्न. सुपर बाउलच्या मैदानात पंच म्हणून उतरलेले ते पहिले कृष्णवर्णीय.